साल निवडा

ती यादी मी केली होती, हे आधीच सांगतो.
त्रिएस्तच्या बंदरकचेरीत, तिसऱ्या मजल्यावर.
नोकरीच्या अर्जात जन्मसालाचा रकाना:
बोटाने सरकवा, साल निवडा.
एकोणीसशे पासष्टला मी थांबलो.
थांब म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.
जेवायची वेळ झाली होती, एवढंच.

मंगळवारी निवेस कोच्यांचिच आली.
बोरा सुटला होता, माणसं
भिंती धरधरून चालत होती,
आणि ही कोटाच्या खिशात हात घालून
खिडकीशी उभी.
"तुमच्या यादीप्रमाणे मी जन्मलेच नाही."

मी आवाज चढवला.
शब्द सुटे सुटे केले, बाळाला घास भरवावेत तसे.
बसा. पाणी. हवं?
"ऐकू येतंय मला," ती म्हणाली,
"तू बोलत नाहीयेस तेसुद्धा."

चौकशीच्या खिडकीची जागा, रोजचे चार तास.
एकतीस वर्षं ती रेडिओवर
जहाजांशी तीन भाषांत भांडली होती.
एका तुर्की कप्तानाला दाट धुक्यातून
नुसत्या आवाजाचं बोट धरायला देऊन
धक्क्यापर्यंत आणलं होतं.
हे ती बोलली नाही. अर्जात होतं,
आणि अर्ज मी फार उशिरा वाचला.
साल पासष्ट निवडलेलं. खाली शेरा:
'हे खोटं आहे. खरं त्रेपन्न.
खोटं बोलायला तुमच्या यंत्राने लावलं.'

साहेब बाहेर आले. तिच्या डोक्यावरून मला म्हणाले,
"आजींना सांग, इथे सगळं संगणकावर असतं."
"आजी कुणाची? मला नातवंडं नाहीत.
आणि सांगायचं ते मला सांगा,
दोन हातांवर तर उभी आहे."
साहेब हसले.
त्या हसण्याला मी रोज साथ देतो.
त्या दिवशीही दिली.

नकाराचं पत्र मीच टाईप केलं.
'वय' हा शब्द त्यात कुठेच नव्हता.
'ताज्या दमाचा चमू' होता,
'बदलाशी जुळवून घेण्याची क्षमता' होती.
दोनदा वाचलं. कुठेही बोट ठेवता येत नव्हतं,
आणि खरं सांगायचं तर
मला त्याचा थोडा अभिमान वाटला.

पुढच्या मंगळवारी ती परत. सोबत एजिदिओ,
क्रेनचा फिटर, साल बावन्न.
मग झोरा, साल अठ्ठेचाळीस,
तिच्या कानातलं यंत्र मधूनच शिट्टी मारायचं.
मग आणखी. रांग जिन्याच्या वळणापर्यंत.
ना फलक, ना घोषणा.
एकेक जण खिडकीशी यायचा, म्हणायचा,
"माझं साल दाखव."
मी यादी सरकवायचो. तळ लागायचा.
पुन्हा सरकवायचो.

रात्री घरी मी माझं साल शोधलं.
तळापासून अकरा ओळी वर.
अकरा ओळी म्हणजे
अंगठ्याचा एक झटका.

सुनावणीसाठी साक्ष लिहून
तिच्या स्वयंपाकघरात नेली.
कॉफी उतू गेली, तिने लक्ष दिलं नाही,
लाल पेन्सिल घेऊन वाचत राहिली.
मी लिहिलं होतं:
'श्रीमती कोच्यांचिच या वयातही तल्लख आहेत.
त्या अजूनही तीन भाषा बोलतात.'
बरं जमलंय, असं मला वाटत होतं.

तिने 'या वयातही' खोडलं.
थोडं थांबून 'अजूनही'.
उरलेलं मोठ्याने वाचलं:
'श्रीमती कोच्यांचिच तल्लख आहेत.
त्या तीन भाषा बोलतात.'

"चार," ती म्हणाली. "तुर्की येते कामापुरती, तेही लिही.
आणि यादी कुणी केली,
ते पहिल्या ओळीत घे."